पहिल्या श्वासाची उलथापालथ

नागपूरहून हैदराबादला निघालं, की चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गावर साधारण अर्धी वाट सरल्यावर नेरडीगोंडा लागतं. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव. कडम नदीवरचा कुंतालाचा धबधबा याच मंडलात, त्यामुळे पावसाळ्यात हौशी गाड्या इथून आत वळतात. एरवी ट्रक येतात आणि निघून जातात. कानावर तेलुगू पडते, गोंडी पडते आणि मराठीही. अशा गावात एखादं बाळ जन्माला येतं, टाहो फोडतं, आणि बाहेर बसलेली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या पहिल्या रडण्यापासून पुढच्या दहा मिनिटांत बाळाच्या छातीत जे घडतं, त्याच्याइतकी मोठी उलथापालथ माणसाच्या शरीरात पुन्हा कधीच होत नाही. रक्ताभिसरणाचा अख्खा नकाशा बदलतो, आणि तोही हृदय क्षणभरही न थांबता.

बहुतेक बाळांत हा बदल इतका बिनबोभाट होतो की त्याची दखलही कुणी घेत नाही. हजारातल्या सुमारे दोन बाळांत मात्र तो अडतो. बाळ जन्मलेलं असतं, पण त्याचं रक्त अजून पोटातल्याच वाटेने फिरत राहतं. डॉक्टर या आजाराला ‘पीपीएचएन’ म्हणतात, पर्सिस्टंट पल्मनरी हायपरटेन्शन ऑफ द न्यूबॉर्न. म्हणजे जन्मानंतरही न उतरलेला फुप्फुसांचा रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब हा नव्हे. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांमधला हा दाब. तो का उतरत नाही हे समजून घ्यायचं, तर आधी तो मुळात चढलेला का असतो, इथून सुरुवात करावी लागते.

पोटातलं एव्हरेस्ट

गर्भाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. हा द्रव भोवतालच्या गर्भजलातून आत शिरलेला नसतो. फुप्फुसं स्वतःच तो पाझरवतात आणि त्याच्या दाबाखाली ती वाढतात. श्वासाचं काम तेव्हा वार करते. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेत उतरतो आणि नाळेतून बाळाकडे जातो.

पण किती? आपल्या धमन्यांतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या नव्वद ते शंभर मिलिमीटर असतो. नाळेतून येणाऱ्या ताज्या रक्तातही तो जेमतेम तीस-पस्तीस असतो, आणि बाळाच्या शरीरात मिसळून फिरणाऱ्या रक्तात त्याहून कमी. २००७ साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या पथकाने शिखराच्या थोडं खाली, ८४०० मीटरवर, स्वतःच्या मांडीतल्या धमनीतून रक्त काढून तपासलं होतं. सरासरी आकडा आला २४.६. निरोगी गर्भ नऊ महिने याच्या आसपासच्या आकड्यांवर जगतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट याने गर्भाच्या या स्थितीला पोटातलं एव्हरेस्टच म्हटलं होतं. त्या उंचीवर कसलेला गिर्यारोहकही गळून जातो. गर्भ मात्र तिथे वाढतो, लाथा झाडतो, अंगठा चोखतो, कारण त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं आणि ते ऑक्सिजनला मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरून ठेवतं.

फुप्फुसांना काम नाही म्हटल्यावर तिकडे सगळं रक्त पाठवण्यात अर्थ नाही. महामार्ग गावात न शिरता बायपासने पुढे काढतात, तसेच गर्भाच्या हृदयाजवळ दोन बायपास असतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात झडप असलेलं एक छिद्र असतं, फोरामेन ओव्हेल. आणि फुप्फुसाच्या धमनीला थेट महाधमनीशी जोडणारी एक आखूड नळी असते, डक्टस आर्टेरिओसस. गर्भाचं हृदय जेवढं रक्त ढकलतं, त्यातलं दहा ते वीस टक्केच फुप्फुसांतून जातं. बाकीचं या दोन वाटांनी परस्पर पुढे निघतं. बायपास वाहता राहावा म्हणून फुप्फुसांतल्या बारीक धमन्या आवळलेल्या असतात. तिथला दाब शरीराने मुद्दाम चढा ठेवलेला असतो. जन्मानंतर ज्याला आपण आजार म्हणणार, तीच पोटातली निरोगी अवस्था असते.

दहा मिनिटं

कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात. फुप्फुसांच्या ज्या पेशी महिनोन्‌महिने द्रव पाझरवत होत्या, त्या आता उलट फिरतात आणि द्रव शोषून घेऊ लागतात. बाळ बाहेर येतं, छाती ताणून पहिला श्वास घेतं, हवा द्रवाला मागे रेटत आत शिरते. पहिल्या काही श्वासांत फुप्फुसं उघडतात.

हवा आत आली, ऑक्सिजन वाढला, फुप्फुसं ताणली गेली, की त्यांच्या धमन्यांच्या आतल्या अस्तरातून एक वायू सुटतो, नायट्रिक ऑक्साइड. दोन अणूंचा हा चिमुकला रेणू शेजारच्या स्नायूपेशींत शिरतो आणि त्यांना सैल व्हायला सांगतो. सोबत प्रोस्टासायक्लिन हे आणखी एक रसायन तेच काम करतं. आवळलेल्या धमन्या उघडतात, दाब कोसळतो आणि फुप्फुसांतून वाहणारं रक्त आठ-दहा पटींनी वाढतं. तिकडे नाळ बंद होते, वार बाद होते, आणि बाकीच्या शरीरातला दाब चढतो. फुप्फुसांतून भरभरून परतणारं रक्त हृदयाच्या डाव्या कप्प्यात येतं, तिथला दाब उजव्याहून जास्त होतो, आणि फोरामेन ओव्हेलची झडप आपसूक मिटते. चार माणसांतल्या साधारण एकात ती पुढे आयुष्यभर पूर्णपणे चिकटत नाही. त्यातल्या बहुतेकांना हे कधी कळतही नाही.

डक्टसची गोष्ट तर याहून नवलाची. ज्या ऑक्सिजनमुळे फुप्फुसांच्या धमन्या सैल होतात, त्याच ऑक्सिजनमुळे डक्टस आवळतो. दोन्ही नळ्या एकमेकींना लागून, दोन्हींत रक्त तेच, निरोप तोच; एक उघडते आणि दुसरी मिटते. पुढच्या एक ते तीन दिवसांत डक्टस वापरातून बाद होतो.

हे सगळं एका क्षणात होत नाही, आणि निरोगी बाळालाही गुलाबी व्हायला वेळ लागतो. जन्मानंतर एका मिनिटाने रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण साठ ते पासष्ट टक्के असतं. पाचव्या मिनिटाला ऐंशी ते पंच्याऐंशी, दहाव्या मिनिटाला पंच्याऐंशी ते पंच्याण्णव. मोठ्या माणसाच्या बोटावर पासष्टचा आकडा दिसला तर धावाधाव होईल. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तो एव्हरेस्टवरून उतरतानाचा पहिला मुक्काम असतो.

बायपास बंदच होत नाही तेव्हा

१९६९ साली गर्सनी, ड्यूक आणि सिंक्लेअर या डॉक्टरांनी काही चमत्कारिक बाळांची नोंद केली. हृदयाची रचना चांगली, फुप्फुसांतही मोठा बिघाड दिसत नाही, तरी बाळ निळं. गर्भातलं अभिसरणच जन्मानंतर चालू राहिलं आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढे या आजाराच्या अनेक वाटा कळत गेल्या.

सर्वांत ओळखीची वाट म्हणजे पोटातच बाळाने शी करणं. बाळंतपणात गर्भजल हिरवट दिसलं की घरच्यांना सांगतात, ‘बाळाने पोटात शी केली, घाण पाणी गेलंय.’ शंभरातल्या दहा-पंधरा बाळंतपणांत असं पाणी दिसतं आणि त्यातल्या बहुतेक बाळांना काही होत नाही. काहींच्या फुप्फुसांत मात्र ही चिकट शी, म्हणजे मेकोनियम, शिरते, श्वासवाटा अडवते, दाह निर्माण करते. याशिवाय जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, जन्मताना झालेली गुदमर, पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला जन्मजात भोक असणं, हीही कारणं आहेत. कळा सुरू होण्याआधीच ठरवून केलेल्या सिझेरियननंतर हा धोका वाढतो, कारण द्रव शोषून घेण्याचा निरोप फुप्फुसांपर्यंत पुरेसा पोचलेलाच नसतो. म्हणून वैद्यकीय गरज नसेल तर एकोणचाळीस आठवड्यांआधी सिझेरियन करू नये, असं डॉक्टर सांगतात. मुहूर्त पाहून तारीख मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, याचंही कारण याच नळ्यांत आहे. या गोळ्यांमुळे डक्टस पोटातच आवळू शकतो.

कारण कुठलंही असो, पुढचं दुष्टचक्र एकच. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला तर रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसांतल्या धमन्या त्याच परिस्थितीत आवळतात. मोठ्या माणसात ही सोय फार उपयोगाची असते: फुप्फुसाच्या आजारी कोपऱ्यातून रक्त निरोगी भागाकडे वळतं. पण नवजात बाळाची दोन्ही फुप्फुसं एकदम आवळली, की रक्त पुन्हा बायपासला लागतं. ऑक्सिजन न घेताच ते शरीरात जातं. त्यामुळे ऑक्सिजन आणखी कमी होतो, रक्त आम्लधर्मी होतं, आणि धमन्या आणखी आवळतात.

अशा बाळाला नुसतं हाताळलं, सुई टोचली, लंगोट बदलला, तरी आकडा नव्वदवरून साठवर कोसळू शकतो. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात त्याच्याभोवती दिवे मंद असतात, आवाज दबके असतात आणि ‘उगाच हात लावू नका’ ही तिथे खरोखरची औषधयोजना असते.

उजवा हात आणि पाय

हा आजार ओळखण्याची एक युक्ती इतकी साधी आहे की ती ऐकून आधी विश्वास बसत नाही. बाळाच्या उजव्या हाताला एक ऑक्सिमीटर लावायचा आणि पायाला दुसरा. महाधमनी हृदयातून निघाल्यावर उजव्या हाताला रक्त देणारी शाखा आधी फुटते. डक्टस महाधमनीला त्यानंतर येऊन मिळतो. डक्टसमधून निळं रक्त महाधमनीत शिरत असेल, तर उजव्या हाताला चांगलं रक्त मिळेल आणि पायाला भेसळीचं. दोन आकड्यांत पाच-दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर बंद व्हायला हवा होता तो बायपास अजून उघडा आहे, आणि त्यातून रक्त उलट्या बाजूने वाहत आहे. छातीला हातही न लावता हृदयाशेजारच्या एका नळीतला प्रवाह आपल्याला कळतो.

रक्त फक्त वरच्या छिद्रातून मिसळत असेल तर हा फरक दिसत नाही, आणि हृदयाचे काही जन्मजात दोषही असाच फरक दाखवतात. त्यामुळे शेवटचा निवाडा हृदयाच्या सोनोग्राफीचा, म्हणजे इकोचा. पण इको तालुक्यात नसतो. ऑक्सिमीटर असू शकतो. १९७४ साली निहोन कोहदेन या जपानी कंपनीत काम करणाऱ्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने त्यामागचं तत्त्व शोधलं. कोविडनंतर हे यंत्र आपल्याकडे कितीतरी घरांत आलं. नवजात बाळासाठी फक्त त्याच्या मापाचा, हातापायाला गुंडाळायचा प्रोब लागतो.

जोर लावून भागत नाही

१९७० आणि ८०च्या दशकांत डॉक्टर या बाळांना व्हेंटिलेटरवर घालून जोरजोरात, भराभर श्वास देत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली आणला की फुप्फुसांच्या धमन्या सैल होतात, हे खरं होतं. पण त्या जोराने नाजूक फुप्फुसं फाटत, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होई. १९८५ साली न्यूयॉर्कच्या जेन-टिएन वुंग आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. हलका श्वास द्यायचा, आकडे थोडे वाईट दिसले तरी सोसायचे, बाळाच्या स्वतःच्या श्वासाला वाव द्यायचा. त्यांची पंधराच्या पंधरा बाळं वाचली. आजही व्हेंटिलेटर लावताना हाच सौम्यपणा पाळतात. फुप्फुसं नीट उघडण्यापुरता दाब, गरज असेल तर फुप्फुसांना आतून फुललेलं ठेवणारं सर्फॅक्टंट औषध, शरीर ऊबदार, साखर आणि कॅल्शियम ठीक, रक्तदाब सांभाळलेला.

ऑक्सिजनच्या बाबतीतही असंच झालं, आणि त्यात भारताचा मोठा वाटा आहे. न रडणाऱ्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा, हा जगभरचा दंडक होता. १९९३ साली दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातल्या सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या ओला सॉगस्टाड यांच्यासह साध्या हवेने ही बाळं सावरतात का हे पाहिलं. सावरत होती. १९९८ साली सहा देशांतल्या सहाशेहून अधिक बाळांवरच्या अभ्यासातूनही तेच दिसलं, आणि २०१० पर्यंत पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साध्या हवेनेच श्वास द्यावा हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. फुप्फुसांच्या रक्तदाबाशी याचा थेट संबंध आहे. अति ऑक्सिजनमधून तयार होणारे मुक्त कण नायट्रिक ऑक्साइडलाच निकामी करतात. म्हणजे धमन्या उघडाव्यात म्हणून दिलेला ऑक्सिजन प्रमाणाबाहेर गेला, तर धमन्या उघडणारा रेणूच मारून टाकतो. म्हणून आज या बाळांत एक्क्याण्णव ते पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास समाधान मानतात. शंभरच्या मागे लागत नाहीत.

धुरातला वायू, सिलिंडरमधलं औषध

नायट्रिक ऑक्साइड महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या धुरात असतो. कित्येक वर्षं विज्ञानाला तो प्रदूषण म्हणूनच माहीत होता. १९७७ साली फेरिड म्युराड यांनी दाखवलं की हृदयविकारावरचं जुनं नायट्रोग्लिसरीन शरीरात हाच वायू सोडतं. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर काम करताना दिसलं, की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तरच ती एका विशिष्ट रसायनाने सैल होते; अस्तर खरवडलं गेलं तर नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, असं १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचवलं. इतका अल्पायुषी, विषारी समजला जाणारा वायू शरीर स्वतः बनवतं आणि निरोपासाठी वापरतं, हे पचायला जगाला वेळ लागला. १९९८ साली या तिघांना नोबेल मिळालं. ज्या नोबेलने नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवला, त्यालाही आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी हृदयासाठी तेच नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं.

बाळांच्या डॉक्टरांनी नोबेलची वाट पाहिली नाही. १९९२ साली बॉस्टन आणि डेन्व्हरच्या दोन पथकांनी ‘लॅन्सेट’मध्ये सांगितलं की हा वायू श्वासातून दिला तर अडलेलं अभिसरण मार्गी लागतं. मात्रा किती? हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग. या उपचारातली खुबी अशी, की वायू फक्त तिथेच पोचतो जिथे हवा पोचते. फुप्फुसाचा उघडलेला भाग, आणि त्याच भागाची धमनी. तिथून रक्तात उतरताच हिमोग्लोबिन त्याला पकडून निकामी करतं, त्यामुळे बाकीच्या शरीराचा रक्तदाब पडत नाही. नेमकं हवं तिथे काम करून तिथेच संपणारी औषधं फार थोडी आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मृत्यू किंवा कृत्रिम फुप्फुसाची गरज ही वेळ चौसष्टऐवजी सेहेचाळीस टक्के बाळांवर आली.

कृत्रिम फुप्फुस म्हणजे एक्मो. बाळाचं रक्त नळीने बाहेर काढायचं, यंत्रात त्यात ऑक्सिजन भरायचा आणि परत शरीरात सोडायचं. तोवर फुप्फुसांना सावरायला वेळ मिळतो. १९७५ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी मेकोनियममुळे मरणाच्या दारात गेलेल्या एका नवजात मुलीला असं वाचवलं. परिचारिकांनी तिचं नाव ठेवलं होतं एस्पेरान्झा. १९९६ साली ब्रिटनमधल्या चाचणीत एक्मो मिळालेल्या त्र्याण्णव बाळांपैकी तीस दगावली; नेहमीचे उपचार मिळालेल्या ब्याण्णवांपैकी चोपन्न. इतका ठळक फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

आणि मग सिल्डेनाफिल. हृदयाच्या दुखण्यासाठी शोधलेलं, १९९८ साली वेगळ्याच कारणासाठी व्हायग्रा म्हणून गाजलेलं हे औषध. नायट्रिक ऑक्साइड पेशीत जो निरोप सोडतो, तो पुसून टाकणाऱ्या विकराला ते अडवतं. निरोप जास्त वेळ टिकतो, धमनी जास्त वेळ सैल राहते. २००६ साली कोलंबियातल्या डॉक्टरांनी, जिथे ना वायू होता ना एक्मो, तिथे ते तोंडावाटे देऊन पाहिलं. तेराच बाळं. औषध मिळालेल्या सातांपैकी सहा वाचली, न मिळालेल्या सहांपैकी एक. अभ्यास लहान होता, आणि हे औषध सगळ्या शरीराचा रक्तदाब खाली आणू शकतं, म्हणून ते देखरेखीखालीच द्यावं लागतं. तरी वायूचा सिलिंडर न परवडणाऱ्या रुग्णालयांत, आपल्याकडेही, पहिला हात याच औषधाकडे जातो.

डिसेंबर १९९९

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने श्वासातून द्यायच्या नायट्रिक ऑक्साइडला नवजात बाळांसाठी मान्यता दिली ती डिसेंबर १९९९ मध्ये. त्याच महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीहून एक शोधनिबंध आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं होतं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या बाळाच्या घरी जाऊन करत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने बासष्ट टक्क्यांनी घटले. जुना आदिलाबाद जिल्हा २०१६ साली विभागला जाण्याआधी त्याची हद्द प्राणहितेच्या काठाने गडचिरोलीला भिडत होती. नेरडीगोंड्याच्या परिसरातली गावं त्या गावांहून फार वेगळी नाहीत.

एका महिन्यात जाहीर झालेली ही दोन उत्तरं परस्परांविरुद्ध मांडण्याचा मोह होतो: एकीकडे महागडा वायू, दुसरीकडे साधी बाई आणि तिची पिशवी. फुप्फुसांच्या बाजूने पाहिलं तर मात्र ती एकाच उत्तराची दोन टोकं आहेत. न रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून पहिल्या मिनिटात फुगा दाबला, की फुप्फुसं उघडतात. ती उघडली की शरीर स्वतःचा नायट्रिक ऑक्साइड सोडतं. जो वायू पुढे सिलिंडरमधून मोजून मापून द्यावा लागतो, तोच त्या मिनिटाला बाळ फुकट तयार करतं. आणि उलटही तितकंच खरं: मिटलेल्या फुप्फुसात सिलिंडरमधला वायू शिरूच शकत नाही.

नेरडीगोंड्यातली पहिली पायरी

नेरडीगोंड्यात आजाराचा पहिला तास कसा जावा, हे या शरीरशास्त्रातूनच ठरतं. हिरवं पाणी गेलेलं बाळ चांगलं रडत असेल तर त्याला आईजवळ द्यावं. निपचित बाळाच्या श्वासनळीत नळी घालून मेकोनियम ओढत बसण्याची जुनी रीतही मागे पडली. पुदुच्चेरीच्या जिपमेर आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग या संस्थांतल्या चाचण्यांत तिचा फायदा दिसला नाही. त्या वेळात फुगा-मास्कने श्वास देणं जास्त मोलाचं. २००९ पासून देशात चालू असलेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात प्रसूतीगृहातल्या परिचारिका हेच शिकतात.

बाळ तरीही निळं राहत असेल, धाप लागली असेल, उजव्या हाताचा आणि पायाचा आकडा जुळत नसेल, तर हलवायला हवं. इथे निघायच्या आधीची दहा मिनिटं फार कामाची असतात. बाळ कोरडं आणि उबदार, डोक्यावर टोपी, मान सरळ, ऑक्सिजन चालू, रक्तातली साखर तपासलेली, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन गेलेला. थंडी आणि कमी साखर या दोन्ही गोष्टी दुष्टचक्राला गती देतात, आणि दोन्ही रस्त्यात सहज घडतात. १०८ची रुग्णवाहिका संयुक्त आंध्राच्या काळापासून, म्हणजे २००५ पासून, धावते आहे. २०११च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बाळाची ने-आण आणि सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत केले. जिल्हा पातळीवरच्या विशेष नवजात कक्षात, घरचे ज्याला ‘काचेच्या पेटीत ठेवलंय’ म्हणतात तिथे, ऊब, ऑक्सिजन, प्रतिजैविकं, श्वासाचा आधार मिळतो. नायट्रिक ऑक्साइड सहसा नसतो आणि एक्मो तर नसतोच. त्यासाठी मोठं शहर. नेरडीगोंड्याहून उत्तरेला नागपूर आणि दक्षिणेला हैदराबाद, दोन्हीकडे साधारण अडीचशे किलोमीटर.

हे अंतर दोन्ही बाजूंनी कमी करता येतं. शहरातलं तंत्र जिल्ह्यापर्यंत आणणं ही एक बाजू, आणि ती हळूहळू पुढे सरकते आहे. दुसरी बाजू म्हणजे ज्या गरोदर बाईला धोका आहे, दिवस उलटून गेलेत, साखर आहे, बाळाचे ठोके ठीक नाहीत, तिलाच बाळंतपणाआधी मोठ्या रुग्णालयाजवळ नेणं. आईच्या पोटात असलेल्या बाळाला प्रवासात ऑक्सिजन वार देते, ऊब आई देते, आणि बायपास उघडा असणं तेव्हा अगदी बरोबर असतं. आजारी नवजात बाळासाठी याच्या जवळपासही पोचणारी रुग्णवाहिका अजून कुणी बनवलेली नाही.

संकट टळलं की बहुतेक बाळांच्या फुप्फुसांतला दाब उतरतो, धमन्या सैल होतात, औषधं बंद होतात. तरी या बाळांचा पाठपुरावा सोडू नये. ज्यांचा ऑक्सिजन बराच काळ कमी होता, त्यांच्यात श्रवणदोष आणि वाढीतला उशीर इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि जन्माच्या वेळी ऐकणं ठीक वाटलं तरी दोष पुढे काही महिन्यांनीही दिसू शकतो. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. २०११ पासूनचा हा गृहभेटींचा क्रम गडचिरोलीच्या प्रयोगाचाच देशभर पसरलेला वारसा आहे. बाळ काचेच्या पेटीत होतं हे तिला सांगावं, डिस्चार्जचा कागद दाखवावा आणि कानांची तपासणी कधी, हे विचारून तारीख लिहून घ्यावी.